पोर्शे म्हणणाऱ्याचं काय चुकलं?

मराठी वर्तमानपत्रांत 'फोक्सवॅगन' हे रूप आता चांगलंच रुळलं आहे. ते जरा निरखून पाहावं. सुरुवातीचा 'फ' अस्सल जर्मन आहे. इंग्रजीत ज्या अक्षराला 'व्ही' म्हणतात ते जर्मन माणूस आपल्या घरच्या शब्दांत 'फ' असंच वाचतो. पुढे 'ल' हवा होता, तो इंग्रजांच्या सवयीने गिळला गेला. आणि 'वॅगन' तर मालगाडीचीच, रेल्वेच्या यार्डातून उचलून आणलेली. जर्मनीत म्हणतात 'फॉल्क्सवागन'. त्यात 'ल' ऐकू येतो, 'वा' लांब असतो आणि 'ॲ'चा मागमूस नसतो. म्हणजे नावाचं पहिलं अक्षर आपण थेट जर्मनीहून आणलं आणि उरलेलं नाव लंडनमार्गे.

यात बिघडलं काहीच नाही. वाचणाऱ्याला गाडी कळते, बातमी कळते. बिघडतं ते पुढे, जेव्हा हेच रूप वापरणारा माणूस 'व्होल्सवॅगन' म्हणणाऱ्याला अडवतो आणि चारचौघांत सांगतो, 'अरे, फोक्स म्हणतात त्याला.' जर्मन गाड्यांच्या नावांचे 'खरे' उच्चार दुसऱ्याला शिकवायची हौस आपल्याकडे अलीकडे फार वाढली आहे. माझं म्हणणं असं, की या हौसेचा जर्मन भाषेशी फारसा संबंध नाही. मोजपट्टी इंग्रजीची लावायची आणि नाव जर्मनचं सांगायचं, असा हा प्रकार आहे. आणि मराठी माणूस ज्या उच्चारामुळे हास्यास्पद ठरतो, तो पुष्कळदा शिकवणाऱ्याच्या उच्चारापेक्षा जर्मनला जवळचा असतो.

'पोर्श'चंच घ्या. हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं ते मे २०२४ मध्ये, आणि फार वाईट कारणाने. पुण्यात कल्याणीनगरला पहाटेच्या वेळी भरधाव पोर्श गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्यानंतर कित्येक आठवडे ते नाव रोजच्या बातम्यांत होतं, कुठे 'पोर्शे' तर कुठे 'पोर्श'. इतक्या गंभीर प्रकरणात कोणाला उच्चाराची पडली असेल असं वाटणार नाही, पण पडली होती. 'पोर्शे काय म्हणता, साधं पोर्श आहे ते,' असं सांगणारे तेव्हाही भेटत होते.

आता हे 'साधं पोर्श' म्हणजे काय, तर श वर जीभ थांबवून तोडलेला एकच ठोका. तो उच्चार अमेरिकेत सर्रास चालतो. जर्मनीत चालत नाही. तिथे शेवटचा स्वर खाल्ला जात नाही. तो 'ए' नसतो, 'आ'ही नसतो, अगदी हलका 'अ' असतो, पण असतो. नाव दोन ठोक्यांचं आहे. त्यामुळे 'पोर्शे' म्हणणाऱ्याने स्वर थोडा वेगळा लावला असेल, पण ठोके बरोबर दोन दिले. त्याला सुधारणाऱ्याने मात्र एक ठोका गिळूनच टाकला. दोघांत जर्मन माणसाला कोणाचं बोलणं कमी खटकेल, ते उघड आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जर्मन नावाच्या शेवटी येणारा हा हलका स्वर मराठीत 'ए'ने दाखवायची रीत जुनी आहे. तत्त्वज्ञानावर लिहिणारी आपली माणसं कित्येक वर्षं 'नीत्शे' लिहीत आली. त्या नावाच्या शेवटी जर्मनमध्ये नेमका तोच स्वर आहे जो 'पोर्श'च्या शेवटी आहे. 'नीत्शे' म्हणणारा आपल्याकडे विद्वान ठरतो आणि 'पोर्शे' म्हणणारा गावंढळ. भाषेचा नियम दोन्हीकडे एकच लागू झाला. फरक पडला तो फक्त बोलणारा कोण आहे याने.

खरं तर या नावासाठी देवनागरीइतकी सोयीची लिपी नाही. 'पोर्श' एवढंच लिहा आणि शेवटच्या श मधला अ खाऊ नका, झालं. मराठीत शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आलं की तो अ आपण एरवीही पुरता खात नाही. 'स्पर्श' हा शब्द सावकाश म्हणून पाहा, शेवटी जो पुसट स्वर रेंगाळतो तोच इथे हवा आहे. रोमन लिपीला हे जमत नाही. तिथे शेवटी ई हे अक्षर दिसतं आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो, की हे अक्षर मुकं आहे की बोलकं. आपल्याला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. पडला, कारण आपण नाव ऐकलं नाही, इंग्रजी स्पेलिंग वाचलं.

अशा जागा आणखी आहेत. जर्मन भाषेतल्या 'झेड' या अक्षराचा उच्चार 'त्स'सारखा होतो. 'बेन्झ' हे नाव जर्मन माणूस 'बेन्त्स' असं म्हणतो. इंग्रजाला हे जड जातं, हिंदीभाषकालाही त स ला चिकटवून वेगळं म्हणावं लागतं. मराठी माणसाच्या तोंडात हा वर्ण जन्मापासून आहे. 'चारचाकी' हा शब्द घ्या. त्यात दोन च आहेत आणि दोन्ही वेगळे. 'चार'मधला च टाळूला लागतो, 'चाक'मधला दातांना. हा दुसरा, दातांचा च म्हणजेच जर्मन झेड. 'बेन्'पुढे चाकातला च लावला की कार्ल बेन्झच्या आडनावाचा जवळजवळ नेमका उच्चार होतो, आणि त्यासाठी वर्गात जाऊन बसावं लागत नाही. देवनागरी हे दोन च वेगळे दाखवत नाही, ही लिपीची अडचण. जिभेची नाही. (चाकणच्या च चंही तेच. चाकणला बाहेरून आलेले बरेच जण त्याचा उच्चार 'चार'मधल्या च ने करतात, आणि त्यांना कोणी टोकत नाही.)

'आउडी'मध्येही हेच. आपण 'ऑडी' म्हणतो आणि 'ऑडी'च लिहितो. जर्मन उच्चार 'आउडी' असा आहे, म्हणजे आपल्या 'औ'ला अगदी खेटून. ही गाडी औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जुळवली जाते. त्या शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, पण तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावाच्या जुन्या नावात जो पहिला स्वर उच्चारला, तो या गाडीच्या नावाला हवा तसाच होता. तरीही 'ऑ' आला, कारण 'ऑटो', 'ऑगस्ट', 'ऑडिओ' या इंग्रजी शब्दांनी आपल्याला स्पेलिंगमधल्या 'ए-यू' या दोन अक्षरांचा एकच उच्चार शिकवून ठेवलेला.

व चा मामला तर आणखी सोपा. जर्मन लोक इंग्रजीतल्या डब्ल्यूला व म्हणतात, ओठांचा चंबू न करता, वरचे दात खालच्या ओठाला लावून. मराठी व याच्या शेजारीच राहतो. 'वागन' म्हणायला आपल्याला काहीच कष्ट नाहीत. इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू वेगळे दाखवायला आपण 'व्ह' हे जोडाक्षर वापरात आणलं, ते इंग्रजीच्या गरजेपोटी. जर्मनला त्याची गरज नाही.

अर्थात सगळंच सोपं आहे असं नाही. मायबाखमधला ख घशात घासून काढायचा असतो, आपला ख तसा नाही. र घशातून येतो, तो तर सोडूनच द्यावा. ओठ गोल करून 'ई' म्हणायचा एक स्वर त्यांच्याकडे आहे, तो पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलांना पहिले काही महिने छळतो. आणि जर्मन स्पेलिंगचा नियम म्हणजे दगडावरची रेघ, असं जे सांगितलं जातं तेही पूर्ण खरं नाही. चाकणला बनलेली एखादी जुनी 'वेन्टो' रस्त्यावर पुढे दिसली तर तिच्या डिकीकडे पाहा. मधल्या गोल चिन्हात वर व्ही, खाली डब्ल्यू. जर्मनमध्ये त्याचा उच्चार 'फाउ-वे'. त्यातल्या व्हीमागे कंपनीच्या नावातला 'फ' आहे. आणि त्याच डिकीवर जे 'वेन्टो' लिहिलंय तेही व्हीनेच सुरू होतं, पण ते नाव इटालियन, म्हणून तिथे जर्मन माणूससुद्धा 'व' म्हणतो. एकाच पत्र्यावर, हातभर अंतरात, एकच अक्षर दोन तऱ्हांनी वाचायचं. नियमावर बोट ठेवून दुसऱ्याला हसणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना एक प्रश्न. बीएमडब्ल्यूचं काय करता? जर्मनीत तिला 'बे-एम-वे' म्हणतात. 'फोक्स'वरून टोकणारा, 'पोर्श'वरून हसणारा माणूस इथे मात्र बिनदिक्कत 'बी-एम-डब्ल्यू' म्हणतो. 'बे-एम-वे' म्हटलं तर लोक शहाणपणा मिरवतोय म्हणतील, याची त्याला पुरेपूर कल्पना असते. म्हणजे शुद्धतेची हद्द कुठे आखायची हे जर्मन व्याकरण ठरवत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळात काय खपतं, त्यावर ती हद्द ठरते. तिथे 'बी-एम-डब्ल्यू' खपतं म्हणून ते शुद्ध, 'पोर्शे' खपत नाही म्हणून ते अशुद्ध.

आणि मुळात 'खरा उच्चार' हा शोध घ्यायला निघालं, तर तो जर्मनीत जाऊनही संपत नाही. 'मर्सिडीज' हे नाव जर्मन नाहीच. नीसमध्ये राहणारा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वकिलातीशी संबंध असलेला एमिल येलिनेक हा श्रीमंत गृहस्थ डायम्लर कंपनीच्या गाड्या घेऊन विकायचा आणि शर्यतीत उतरवायचा. १८८९ साली व्हिएन्नात जन्मलेल्या आपल्या मुलीचं नाव त्याने आधी स्वतःच्या शर्यतीच्या टोपणनावासाठी घेतलं आणि मग गाडीला दिलं. १९०२ साली त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. पुढे त्याने स्वतःच्या आडनावालाही ते जोडलं. नाव स्पॅनिश, मुलगी व्हिएन्नाची, बाप फ्रान्समध्ये, कंपनी श्टुटगार्टजवळची. स्पेनमधला माणूस त्या नावात जिभेचं टोक दातांत धरून एक वेगळाच वर्ण काढतो. जर्मन माणूस 'मेर्त्सेडेस' म्हणतो, तोही चाकातला च लावून. आपण 'मर्सिडीज' म्हणतो, ते इंग्रजांकडून आलं. यातलं खरं कोणतं? जर्मनांनी स्पॅनिश नाव आपल्या जिभेला वळवून घेतलं, तर तो जर्मन उच्चार. आपण जर्मन नाव वळवून घेतलं, तर ती चूक. हा न्याय मला समजलेला नाही.

पोर्शचीच एक गाडी आहे, 'मकान'. हो, जर्मन उच्चार थेट आपल्या घराच्या 'मकान'सारखाच होतो, आणि किंमतही त्याच हिशेबाची आहे. नाव मात्र घेतलंय इंडोनेशियातून, तिथे त्याचा अर्थ वाघ. इंडोनेशियात त्या स्पेलिंगमधलं 'सी' हे अक्षर 'च' असं वाचतात, त्यामुळे तिकडला माणूस 'माचान' म्हणेल. श्टुटगार्टच्या पोर्श कंपनीने काही जकार्त्याला पत्र पाठवून उच्चार विचारून घेतला नाही. घेऊही नये. नावं अशीच प्रवास करतात.

आपल्याकडेही ती अशीच आली आणि आपलीच होऊन गेली. १९५४ साली टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) डायम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. पुढची पंधराएक वर्षं त्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा होता. म्हणजे 'मर्सिडीज' हे आपल्याकडच्या कितीतरी ड्रायव्हर-क्लीनरांच्या तोंडी आधी मालट्रकचं नाव म्हणून बसलं, श्रीमंतांच्या गाडीचं नंतर. 'मर्सडी', 'मर्शिडी' ही रूपं त्या काळच्या ढाब्यांवर आणि अड्ड्यांवर घासून गुळगुळीत झालेली आहेत. २०१० साली औरंगाबादच्या उद्योजकांनी एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्यातल्या कोणाला कंपनीने उच्चार शिकून या मग चावी देतो, असं सांगितलं नाही.

आणि 'टेम्पो'? १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली ती हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने. त्या कारखान्याची तीनचाकी आपल्या रस्त्यांवर धावू लागली आणि बघता बघता कंपनीचं नाव सामान्यनाम होऊन बसलं. घर बदलायचं तर टेम्पो सांगायचा. कांदा टेम्पोतून मार्केटला जातो. वरात टेम्पोतून येते, गणपतीही टेम्पोतून येतो आणि टेम्पोतूनच जातो. बजाज टेम्पोचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, पण टेम्पो टेम्पोच राहिला. आता गंमत पाहा. जर्मन वाहनाचं हे नाव अख्खा महाराष्ट्र जवळपास जर्मनांसारखंच उच्चारतो. कोणी शिकवलं नाही, कोणी टोकलं नाही. ते जर्मन कंपनीकडून आलंय हेच बहुतेकांना ठाऊक नाही, म्हणून त्यावर हसायची सोयही नाही.

नाशिकला सातपूरच्या कारखान्याला लोक 'मायको' म्हणत. २००८ साली कंपनीचं नाव 'बॉश' झालं, तरी मायको सर्कल मायको सर्कलच आहे. पण डिझेल पंप दुरुस्त करणारा मिस्त्री त्याआधीपासून 'बॉशचा नोझल' म्हणत आलाय, आणि त्याचा 'बॉश' इतका बरोबर आहे की रॉबर्ट बॉशने मान डोलवावी. भोसरीत किंवा पिंपरीत एखाद्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरपाशी घटकाभर उभं राहा. 'पोलोचं क्लच किट', 'बॉशचे प्लग, चार नग', 'त्या मर्सडीचा सेन्सर आला का?' असं सगळं एका दमात चाललेलं असतं. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता चलन लिहितो, माल बरोबर निघतो, बिल बरोबर होतं. त्या दुकानात उच्चारावरून कोणी कोणाला हसलेलं मी पाहिलं नाही. हसणं सुरू होतं ते जिथे गाडी दुरुस्त करायची नसते, नुसतं तिच्याबद्दल बोलायचं असतं तिथे.

हे आपल्याला नवं नाही. 'पानी', 'आनी', 'लोनी' म्हणणाऱ्याला हसण्यात मराठी मध्यमवर्गाने कितीतरी पिढ्या घालवल्या. ण कोणाला येतो आणि न कोण वापरतो, यावरून माणसाची जात, गाव आणि शाळा ओळखायची; ओळखली की जागा दाखवायची. त्या हसण्याला शुद्धलेखनाचा आधार दिला जायचा, पण भाषेची काळजी कमीच होती. आता ण-न वरून उघड हसणं शिष्टसंमत राहिलेलं नाही, निदान लोक इकडेतिकडे बघून हसतात. पण सवय कुठेतरी जायला हवीच ना? ती इंग्रजी उच्चारांवर गेली, आणि आता गाड्यांच्या नावांवर आली आहे. शोरूममध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या, आयुष्यभर शेती करून मुलासाठी गाडी घ्यायला आलेल्या बापाला 'पोर्शे' म्हटल्याबद्दल कोणी हसत असेल, तर तिथे जर्मन भाषेचा काडीचा संबंध नाही. तीच ती जुनी 'आनी-पानी'ची खोड आहे, फक्त गाडी महागाची झाली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो अगदीच टाकाऊ नाही. कोणाचंही नाव नीट घ्यावं, हा साधा शिष्टाचार आहे. माझ्या नावाची कोणी मोडतोड केली तर मला आवडत नाही, मग दुसऱ्याच्या नावाची आपण का करावी? माणसाच्या बाबतीत हे मला शंभर टक्के मान्य आहे. समोर जर्मन सहकारी बसला असेल आणि तो आपलं नाव दोनदा सांगत असेल, तर तिसऱ्यांदा विचारावं लागू नये एवढी तरी खटपट करावी. पण कंपनी म्हणजे समोर बसलेला माणूस नव्हे. पोर्श, बेन्झ, ओपल, बॉश ही माणसांची आडनावं होती हे खरं. पण आज आपण ज्या नावाबद्दल बोलतोय ती विकायची वस्तू आहे, तिच्या जाहिरातीवर कोट्यवधी रुपये खर्च होतात. नाव अमुक एका तऱ्हेने घेतलं जावं असं कंपनीला वाटत असेल तर तिने ते पैसे त्यासाठी खर्चावेत. ह्युंदाईने २०२३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये तेच केलं. तिथले लोक नाव मोडून म्हणायचे, तर कंपनीने स्वतः जाहिरात काढून कोरियन उच्चार सांगितला. हा सरळ व्यवहार झाला. गिऱ्हाइकाने आपल्या खर्चाने लाजत बसायचं, हा नव्हे. उलट अमेरिकेत फॉल्क्सवागनवाले स्वतःच्या जाहिरातीत इंग्रजी वळणाचा उच्चार खुशाल चालवतात. कंपनीला चालतं, ते चहाच्या टपरीवरल्या स्वयंघोषित मास्तराला चालू नये?

नाव वळवून घेणं म्हणजे अपमान, असं जुन्या जर्मन पंडितांनाही वाटत नव्हतं. ऋग्वेद छापणाऱ्या माक्स म्युलरने संस्कृतात स्वतःचं नाव 'मोक्षमूलर' असं लिहिलं, आणि आपला देश 'शार्मण्य' केला. इथल्या शास्त्री-पंडितांनी त्याच नावाने त्याला ओळखलं. त्याला त्यात कमीपणा वाटला असता तर त्याने ते मिरवलं नसतं.

मग काहीही लिहावं, काहीही बोलावं, असं माझं म्हणणं आहे का? नाही. बोलणं आणि छापणं यांत मी फरक करतो. बोलणाऱ्याला मोकळं सोडावं. छापणाऱ्याला आणि वृत्तनिवेदकाला मात्र थोडे कष्ट घ्यायला सांगावं, कारण त्यांचं रूप हजारो लोक उचलतात. तिथे माझा आग्रह एवढाच, की जर्मन नाव जर्मनमधून घ्या, इंग्रजीच्या पोटातून नको. हे अवघड नाही. मराठी समीक्षेने जर्मनांच्या थोर कवीला 'गटे' केलं, ते इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर वाचून नव्हे, नाव कानाने ऐकून. जे साहित्याच्या पानावर जमलं ते वाहनांच्या पुरवणीत न जमायला काय झालं? पुण्यात माक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मन शिकलेली माणसं या शहरात पैशाला पासरी आहेत. एक फोन केला तर काम होईल.

म्हणून 'फोक्सवॅगन'चं 'फॉल्क्सवागन' करायला माझी हरकत नाही, करावंच. 'ऑडी'चं 'आउडी' व्हावं. 'मेबॅक' असं कुठे कुठे छापलेलं दिसतं, ते तर ताबडतोब 'मायबाख' व्हायला हवं, कारण त्यात इंग्रजीसुद्धा नीट नाही. 'पोर्श' लिहावं आणि वाचताना 'स्पर्श'सारखं वाचावं, पण एखाद्याने 'पोर्शे' लिहिलं तर 'नीत्शे'ची परंपरा त्याच्या पाठीशी आहे, त्याला लाल शाई लागू नये. 'मर्सिडीज'ला मात्र कोणी हात लावू नये. ते नाव ट्रकच्या केबिनमधून, ढाब्यावरून, लग्नातल्या आहेरांच्या गप्पांतून इतकं फिरलंय की आता ते मराठी झालं. 'मेर्त्सेडेस' छापलं तर वाचक संपादकाला विचारेल, हे काय नवीन. 'बे-एम-वे'बद्दलही तेच. स्कोडा तर जर्मन नव्हेच, चेक आहे, आणि तिथे ते नाव 'श्कोडा' असं म्हणतात. आमच्या ओळखीतल्या एकाने शेंद्र्याला बनलेल्या स्वतःच्या गाडीला 'श्कोडा' म्हणायला सुरुवात केली तर त्याच्या बायकोनेच त्याला गप्प केलं. मला तिचं बरोबर वाटलं.

एक गोष्ट उरते. चाकणच्या कारखान्यांत जर्मनीहून माणसं येतात, काही महिने राहतात, काही वर्षं राहतात. त्यांच्या भाषेत ण नाही, ळ नाही, भ नाही. चाकणचं ते 'चाकन' करतात, भोसरीचं 'बोसरी' करतात, तळेगावचा ळ त्यांना सात जन्मांत यायचा नाही. आपण कौतुकाने ऐकतो आणि 'वा, मराठी शिकताय!' म्हणतो. तेच 'चाकन' आपल्याकडल्या कोणा मजुराने म्हटलं की मान फिरते. जर्मन साहेबांना ण शिकवायचा वर्ग कोणी काढल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. काढायला हरकत नाही. फी मात्र युरोत घ्यावी.